शिरूर व दौंड तालुक्यांतील पूर्वप्राथमिक शिक्षण

शिरूर व दौंड तालुक्यांतील पूर्वप्राथमिक शिक्षण म्हणजे महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात असलेल्या या दोन तालुक्यांत तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाड्या, खाजगी बालवाड्या आणि शाळांना जोडलेले पूर्वप्राथमिक वर्ग यांमधून चालणारे शिक्षण होय. ग्रामीण भागात त्याचा मुख्य आधार एकात्मिक बालविकास सेवा योजनेखालील अंगणवाडी हा आहे. औद्योगिक वसाहतींलगतच्या गावांत आणि शिरूर, दौंड या शहरांत खाजगी इंग्रजी माध्यमाच्या वर्गांचे प्रमाण अधिक आढळते.

२०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांहून अधिक होती. या लोकसंख्येचा एक भाग स्थिर नाही, आणि येथील बालशिक्षणाचा विचार करताना ही बाब सर्वांत महत्त्वाची ठरते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमध्ये कामासाठी आलेली भाडेकरू कुटुंबे, ऊसतोडणीच्या हंगामात येणाऱ्या टोळ्या, गुऱ्हाळांवरील व वीटभट्ट्यांवरील मजूर यांची मुले वर्षाचा काही काळ येथे असतात, काही काळ नसतात. अंगणवाडीची रचना मात्र कायम वस्तीचे गाव गृहीत धरून केलेली आहे.

पूर्वपीठिका

दौंड तालुक्याचा बालशिक्षणाशी असलेला संबंध अंगणवाडी योजनेपेक्षा बराच जुना आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, पद्धतीचे शिक्षण घेतले. खेळ, वस्तू, गाणी व हस्तकाम यांतून लहान मुलाला शिकू द्यावे, ही त्या पद्धतीची मूळ कल्पना होती. भारतात परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास आले आणि दुष्काळ व प्लेगच्या काळात त्यांच्या कार्याचे केंद्र दौंड तालुक्यातील केडगाव येथे हलले. १८९८ पासून तेथे मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळग्रस्त प्रदेशांतून आणलेल्या मुलींमध्ये अगदी लहान वयाच्या मुलीही होत्या, व त्यांच्या शिक्षणात बालोद्यान पद्धतीला स्थान होते. रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच झाले. मुक्तीची चर्चा बहुतेक वेळा स्त्रीशिक्षण व धर्मांतर या दोनच अंगांनी होत असल्याने तिची ही बाजू काहीशी झाकली गेली आहे.

मराठी बालशिक्षणाच्या पुढच्या टप्प्याचे श्रेय ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्याकडे जाते. त्यांपैकी अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगाव येथे झाला. अष्टविनायकांपैकी एक असलेले हे गाव बारामती तालुक्यात, दौंड तालुक्याच्या दक्षिणेस असून पुणे–सोलापूर मार्गावरील चौफुल्याहून सुप्यामार्गे तेथे जाता येते. ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला, तर १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले आणि तेथेच अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले.

बोर्डी येथील अनुभवातून एक साधी गोष्ट पुढे आली. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून रुढ झाला. मुलाने शाळेपर्यंत पोचायचे नसून शाळेने मुलापर्यंत पोचायचे, हा त्या शब्दाचा खरा अर्थ आहे. शिरूर–दौंडमधील आजच्या अडचणी समजून घेताना तो लक्षात ठेवणे उपयोगी पडते.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्रात मुंबईतील धारावी व मेळघाटातील धारणी येथून तिची सुरुवात झाली. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. क्रमाने सहावी असलेली सेवा व्यवहारातही अनेकदा शेवटचीच ठरत आली आहे.

कायदेशीर स्थान

मूळ राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांत करावा, असे म्हटले होते. त्यात सहा वर्षांखालील मुलेही येत होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयोगटासाठी कलम २१क खाली मूलभूत हक्क निर्माण झाला. सहा वर्षांखालील मुले मात्र बदललेल्या कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांतच, राहिली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानेही हीच विभागणी कायम ठेवली. त्याच्या कलम ११ नुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’. ती केलीच पाहिजे असे बंधन नाही. त्यामुळे पहिलीत प्रवेश नाकारला गेल्यास पालकाला हक्काच्या आधारे दाद मागता येते. चार वर्षांच्या मुलाला बालवर्ग मिळाला नाही तर तसा स्पष्ट आधार नसतो.

ही पोकळी काही अंशी न्यायालयीन आदेशांनी भरून काढली. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी अंगणवाडी सेवा सार्वत्रिक करण्याचा आदेश दिला. एखाद्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळावी, असे त्यात म्हटले होते. ‘मागणीनुसार अंगणवाडी’ या नावाने ओळखली जाणारी ही तरतूद नव्याने वाढलेल्या वाड्यावस्त्यांसाठी महत्त्वाची आहे. एरवी ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० लोकसंख्येसाठी मिनी अंगणवाडी असा निकष होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वय तीन ते आठ हा पायाभूत टप्पा एकसंध मानला. त्यात अंगणवाडी किंवा पूर्वप्राथमिकची तीन वर्षे व इयत्ता पहिली-दुसरी येतात. २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा बालशिक्षण अभ्यासक्रम तयार करण्यात आला होता. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम हाती घेतला आणि पाठोपाठ तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला.

अंगणवाडीतील नोंदणी

अंगणवाडीत शाळेसारखा ‘प्रवेश’ नसतो, नोंदणी असते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. शाळेत पालक अर्ज घेऊन जातो. अंगणवाडीत सेविकेने आपल्या कार्यक्षेत्रातील घरोघरी सर्वेक्षण करून गरोदर स्त्रिया, स्तनदा माता व सहा वर्षांपर्यंतची मुले यांची नोंद घ्यायची असते. गावात कायम राहणाऱ्या कुटुंबातील मूल त्यामुळे जन्मापूर्वीच, आईच्या नावाने, यादीत येते. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत त्याला घरी नेण्याचा आहार मिळतो व त्याचे वजन-उंची नियमित मोजली जाते. तिसरे वर्ष पूर्ण झाल्यावर ते रोज अंगणवाडीत येऊन बसू लागते. त्यासाठी शुल्क नाही, चाचणी नाही, आणि वर्षातून एकदाच येणारी प्रवेशाची शेवटची तारीखही नाही. मूल कोणत्याही महिन्यात दाखल होऊ शकते.

तीन ते सहा वयोगटातील मुलांना वर्षातून ३०० दिवस प्रत्येकी ५०० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा आहार मिळावा, असा २०२३ पूर्वीचा निकष होता. तीव्र कुपोषित मुलांसाठी हे प्रमाण ८०० किलोकॅलरीपर्यंत वाढत असे. खेड्यांत गरम ताजा आहार शिजवण्याचे काम अनेक ठिकाणी महिला बचत गटांकडे असते. मजुरीला जाणाऱ्या आईच्या दृष्टीने हा आहार आणि मुलाला काही तास सुरक्षित जागा मिळणे, ही अंगणवाडीची पहिली उपयुक्तता असते. शिक्षण नंतर येते. यात वावगे काही नाही, कारण उपाशी मूल गोष्ट ऐकत नाही.

ग्रामीण अंगणवाड्यांचे प्रशासन पुणे जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे असून तालुका पातळीवर बालविकास प्रकल्प अधिकारी व त्यांच्या हाताखाली पर्यवेक्षिका असतात. प्रत्यक्ष काम सेविका व मदतनीस या दोघींवर चालते. २०२३ पासून नव्या नेमणुकांसाठी बारावी उत्तीर्ण ही किमान पात्रता ठेवण्यात आली आहे. उमेदवार स्थानिक रहिवासी असावी लागते. मार्च २०२१ पासून नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल उपयोजनावर घेतल्या जातात. त्याच वर्षी राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजी भाषेतील उपयोजन यांविरुद्ध मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. ४ डिसेंबर २०२३ पासून मानधनवाढ, ग्रॅच्युइटी व निवृत्तिवेतनाच्या मागण्यांसाठी झालेला राज्यव्यापी संप जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला होता.

खाजगी बालवर्ग आणि आरक्षित जागा

शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव गणपती या पुणे–अहिल्यानगर मार्गावरील गावांत तसेच यवत, केडगाव, पाटस, कुरकुंभ या सोलापूर मार्गालगतच्या पट्ट्यात नर्सरी, ज्युनिअर केजी व सीनिअर केजी असे खाजगी वर्ग चालतात. मुलांच्या वा पालकांच्या मुलाखती घेऊन बालवर्गात प्रवेश देण्याच्या प्रथेला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९९६ मध्ये पूर्वशालेय केंद्रांतील प्रवेशांचे नियमन करणारा कायदा केला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नेही देणगी व चाळणी या दोन्हींना मनाई करून दंडाची तरतूद केली आहे. तरीही स्वतंत्रपणे चालणाऱ्या बालवर्गांवर दीर्घकाळ कोणत्याही एका खात्याची नीट देखरेख नव्हती. अशा केंद्रांची माहिती एकत्र करण्यासाठी शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये नोंदणीचे पोर्टल सुरू केले.

वयासंबंधी राज्यात ३१ डिसेंबर ही तारीख धरली जाते. प्रवेशाच्या वर्षी त्या दिवशी नर्सरीसाठी तीन व पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. जूनमध्ये वर्ग सुरू होतात तेव्हा काही मुले प्रत्यक्षात साडेपाच वर्षांचीच असतात. शेजारी बसलेल्या मुलापेक्षा वर्षाने लहान असलेल्या अशा मुलाच्या ‘मागे पडण्या’त पुष्कळदा वयाचाच भाग असतो.

कायद्याच्या कलम १२ नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा वंचित गट व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखायच्या असतात. शाळेची सुरुवात पूर्वप्राथमिक वर्गापासून होत असेल तर ही तरतूद त्या वर्गालाही लागू होते. अर्ज ऑनलाइन भरला जातो, निवड सोडतीने होते आणि कागदपत्रांची पडताळणी तालुका पातळीवर होते. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसह वंचित गटांना उत्पन्नाची अट नाही. निवासाच्या पुराव्यासाठी भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार द्यावा लागतो. रांजणगावच्या परिसरात एका खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला घरमालकाकडून असा करार मिळवणे सोपे नसते, आणि ज्याच्यासाठी तरतूद आहे त्यालाच कागद आडवा येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना या बंधनातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला.

हंगामी कुटुंबांतील मुले

न्हावरा, पाटस, आलेगाव या भागांत साखर कारखाने उभे राहिले. ऊसतोडणीसाठी बीड, अहिल्यानगर व मराठवाड्याच्या इतर भागांतून येणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. कामाचा हिशेब ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, होत असल्याने आई घरी थांबू शकत नाही. पहाटे फडात गेलेल्या आईबापांचे तीन-चार वर्षांचे मूल एकतर उसाच्या सरीत बसते, नाहीतर कोपीवर आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या हाती राहते. दुसऱ्या प्रकारात एकाच वेळी दोन मुलांचे शिक्षण बुडते. दौंड तालुक्यातील केडगाव, यवत, राहू या पट्ट्यातील गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे काम करतात. त्यांच्या मुलांना मराठी येत नाही, आणि ती वस्ती गावठाणापासून दूर शेतात असते.

या मुलांना अंगणवाडी नाकारली जाते असे नाही. नियमानुसार येथे आलेल्या मुलाला येथील केंद्रात सेवा मिळू शकते. अडचण अशी की त्याचे नाव मूळ गावच्या यादीत असते, तेथील सेविका त्याला गैरहजर लिहिते, आणि येथील सर्वेक्षण टोळी येण्यापूर्वी झालेले असते. दोन्हीकडे कागद बरोबर राहतात, मूल मात्र कोठेच बसत नाही. हे टाळण्यासाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित लाभार्थ्यांचा माग ठेवणारी ‘महा-एमटीएस’ ही प्रणाली विकसित केली. तिचा उपयोग मूळ गावची सेविका निघण्यापूर्वी नोंद करते की नाही आणि येथील सेविका कोपीपर्यंत जाते की नाही, यावर अवलंबून राहतो. अंगणवाडीत मदतनीस एकच असल्याने, मुले आणायला तिने दोन किलोमीटरवरच्या फडाकडे जावे ही अपेक्षाही सहज पुरी होणारी नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पूर्वी साखरशाळा निघाल्या व नंतर हंगामी वसतिगृहांचा मार्ग पुढे आला. हे दोन्ही उपाय शालेय वयाच्या मुलांसाठी होते. चार वर्षांच्या मुलाला आईपासून दूर वसतिगृहात ठेवता येत नाही. त्याच्यासाठी वर्गच तळावर न्यावा लागतो. कारखान्यांतील स्त्री कामगारांसाठी तरतूद वेगळी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा अधिक स्त्रिया असतील तेथे, आणि २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनुसार पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरवण्यात आले होते.

शैक्षणिक परिणाम

राष्ट्रीय धोरणात मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, असे नमूद आहे. बालशिक्षणाच्या बाजूने हा आकडा वारंवार दिला जातो, परंतु त्यावरून कोणते शिक्षण उपयोगी पडते ते कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष वर्गांचे अभ्यास पाहावे लागतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब मुलांवर झालेला पेरी प्रीस्कूल प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यातील मुलांचा चाळिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला आणि बालवर्गात गेलेल्यांचे शिक्षण व उत्पन्न अधिक असल्याचे दिसले. तो प्रयोग लहान व खर्चिक होता. त्याचे निष्कर्ष अंगणवाडीला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

अधिक जवळचा पुरावा तामिळनाडूतून मिळतो. तेथे ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास करताना त्यांपैकी काही केंद्रांत केवळ शिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा नेमण्यात आली. अशा केंद्रांत पूर्वशालेय शिक्षणाला मिळणारा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा व गणितातील प्रगती वाढली आणि कुपोषणही कमी झाले. आहार, सर्वेक्षण, नोंदी आणि शिकवणे हे सर्व एकाच सेविकेकडे असताना सर्वप्रथम शिकवण्याचा वेळ कमी होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. राजस्थान, आसाम व तेलंगण येथील सुमारे १४,००० मुलांचा चार ते आठ वर्षे वयापर्यंत मागोवा घेणाऱ्या आणखी एका भारतीय अभ्यासाने खाजगी वर्गांबद्दलही सावध केले. अक्षरे गिरवणे व घोकंपट्टी यांवर भर देणारा बालवर्ग पालकांना ‘खरी शाळा’ वाटतो, पण खेळ, संभाषण व गोष्टी यांना वेळ देणाऱ्या वर्गातील मुले शाळेसाठी अधिक तयार झालेली आढळली.

पहिलीत जाताना

अंगणवाडीतून पहिलीत जाणे आपोआप घडत नाही. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे आणि शाळा शालेय शिक्षण खात्याकडे असल्याने मुलाचे नाव एका यादीतून दुसरीत जावे लागते. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक दाखलपात्र मुलांची यादी सेविकेकडून घेतात व पालकांना भेटतात. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी मेळावे भरवले जातात. त्यांत दाखलपात्र मुलांची शारीरिक, भाषिक, गणनपूर्व व सामाजिक तयारी वेगवेगळ्या टेबलांवर पाहिली जाते आणि कोणत्या बाबतीत घरी सराव द्यावा ते आईला समजावून सांगितले जाते. ही चाचणी नसते आणि तिच्यावरून प्रवेश अडवता येत नाही.

ज्या गावांत अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे तेथे हे संक्रमण सुलभ होते, कारण मुलाला वर्गखोली, अंगण व शिक्षक आधीच परिचित असतात. शिक्रापूरजवळील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेकडे बाहेरगावच्या पालकांचाही प्रवेशासाठी ओढा निर्माण झाला होता. सार्वजनिक शाळेची गुणवत्ता दिसली की पालक खाजगी बालवर्गाचा मार्ग सोडण्यास तयार होतात, हे त्या मागणीवरून दिसून आले. हंगामी कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत मात्र जूनमधील पटनोंदणीचा काळ मूळ गावी जातो आणि पहिलीचे दुसरे सत्र दिवाळीनंतर शिरूर–दौंडच्या फडात सुरू होते. ज्या मुलाने त्यापूर्वीची तीन वर्षेही दोन याद्यांच्या मधे काढलेली असतात, त्याची आणि पुस्तकाची पहिली भेट अशा वेळी वर्गाच्या अर्ध्या वाटेवर होते.